शून्य उंची कोठे असते?

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची तुम्ही वाचली असेल. बालाघाटच्या डोंगरावरील धाराशिव सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. पण ही उंची मोजायची कोठून? समुद्र तर भरती-ओहोटीने सारखा हलतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने नऊ बंदरांतील नोंदींवरून सरासरी पातळी ठरवून तिला शून्य मानले. हे काम १९०९ साली पुरे झाले.

हे शून्य तरी अढळ आहे काय? मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० साली खुला झाला. त्याच्या खोदकामात चिखलाखाली खैराच्या झाडांचे शेकडो बुंधे सापडले. पुष्कळसे मुळांसह उभेच होते! खैर समुद्राच्या पाण्यात वाढत नाही. अर्थात तेथे एके काळी कोरडी जमीन होती.

मग समुद्र चढला, की जमीन खचली? जमीनही हलतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले आणि किल्लारीजवळ जमिनीचा काही भाग वर उचलला गेला. म्हणून शास्त्रज्ञ एका जागेच्या पुराव्यावर विसंबत नाहीत. जगभरची जुनी प्रवाळे व खारफुटीचा गाळ यांचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढून ते ताडून पाहतात. त्यावरून कळते, की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. ते पाणी जमिनीवर बर्फाच्या रूपाने साठले होते. बर्फ वितळले, समुद्र चढला.

अलीकडची नोंद भरतीमापक यंत्रे देतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. १९९३ पासून उपग्रहही मोजमाप करतात. त्यानुसार जगातील समुद्र वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून अधिक चढत आहे. कारणे दोन : तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फ वितळते. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड या तापण्याच्या मुळाशी आहे.

जमिनीवरील सारे बर्फ वितळले, तर समुद्र साठ-सत्तर मीटर चढेल. धाराशिव कोरडेच राहील. मुंबईचा बहुतेक भाग मात्र पाण्याखाली जाईल.

करून पाहा : दोन सारख्या पेल्यांत पाणी घ्या. एकात बर्फाचा खडा तरंगत ठेवा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर तेवढाच खडा ठेवा. लगेच पाण्याच्या पातळीवर खुणा करा. बर्फ वितळल्यावर कोणत्या पेल्यातील पाणी चढले? का बरे?