सायंकाळची एक घटका ग्रंथासाठी

दिवेलागण झाली की देवापाशी निरांजन लावावे, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणावी, पाढे व परवचा म्हणावा आणि मग पुस्तक घेऊन बसावे, हा आपल्या घरांचा जुना शिरस्ता होता. सांप्रत निरांजन लागते, परंतु त्याच वेळी टीव्हीही लागतो. आणि टीव्ही बंद असला तर मुलाच्या हाती मोबाईल असतो. शुभंकरोती कशीबशी उरकली जाते आणि पुस्तकाची पाळी येतच नाही. या विषयावर आपल्या सभासद कुटुंबांशी चार शब्द बोलावेत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. टीव्ही हा काही शत्रू नव्हे. आषाढीस पंढरीची महापूजा घरबसल्या पाहावयास मिळते, वृद्धांना कीर्तन ऐकावयास मिळते, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, जे काम केवळ पुस्तकच करू शकते, ते टीव्हीकडून होईल काय? आमच्या मते ते होणार नाही. आणि आपल्या बेळगाव-निपाणी भागात ही हानी इतरांहून अधिक आहे.

याचे कारण पाहा. आपल्यातील कित्येक मुले कन्नड अथवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून शिकतात. घरात मराठी बोलली जाते, मालिका मराठीतून पाहिल्या जातात. त्यामुळे मुलाला मराठी उत्तम येते, असे आईवडिलांस वाटते. परंतु श्रावणात देवळात पोथी लागली आणि त्याच मुलास ‘चार ओव्या वाच’ म्हटले, म्हणजे ते जोडाक्षरापाशी अडखळते व लाजून मागे सरते. कान मराठी राहिला, डोळा मात्र मराठी राहिला नाही. ज्या घरात ऐकणारे आहेत पण वाचणारा कोणी नाही, त्या घरातील आजोबांची पोथी एका पिढीनंतर केवळ हळदकुंकू वाहण्यापुरती उरेल. ती पूज्य राहील, परंतु मुकी होईल.

पाहण्याने व ऐकण्याने जी भाषा येते, ती रोजच्या व्यवहाराची. अमेरिकेतील हेज व आहरेन्स या दोन अभ्यासकांनी इंग्रजी भाषेची तपासणी करून १९८८ साली असे दाखविले की, लहान मुलांच्या पुस्तकांत जितके विरळा आढळणारे शब्द येतात, तितके मोठ्यांसाठी असलेल्या टीव्ही कार्यक्रमांतील संभाषणातही येत नाहीत. शिवाय चित्र आपल्या वेगाने पळते, तर पुस्तक वाचणाऱ्याच्या वेगाने चालते. न कळलेल्या ओळीपाशी थांबावे, मागे यावे, आईस विचारावे, ही मुभा पुस्तकच देते.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. अक्षर फार बारीक काढू नये, कारण तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी वाचता आले पाहिजे, असा त्यात उपदेश आहे. ग्रंथ हा जन्मभराचा सोबती आहे, ही दृष्टी त्यामागे आहे. आज पाहिलेली मालिका मात्र पुढल्या वर्षीदेखील आठवत नाही.

आता उपाय काय? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली व शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावच्या स्त्रियांच्या सभेत या गोष्टीचा विचार झाला. रोज सायंकाळी ७ वाजता गावच्या देवळावरील भोंगा वाजावयाचा, घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद व्हावयाचे, आणि ८॥ वाजता भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी वाचन व अभ्यास करावयाचा, असे ठरले. हे जमेल काय, अशी शंका प्रारंभी होतीच. परंतु अंगणवाडी सेविका, आशा सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि प्रथा रुजली. २०२५ च्या अखेरीस आपल्या बेळगावजवळील हलगा गावानेही सायंकाळी असाच उपक्रम हाती घेतला. एकट्या घरास जे जड जाते, ते सर्वांनी एकाच वेळी केले म्हणजे सुकर होते. कारण ‘शेजारी लावला आहे, मग आपल्याकडे का नाही?’ हा मुलांचा प्रश्नच मिटतो.

परंतु टीव्ही बंद करणे हे अर्धेच काम होय. रिकामा झालेला वेळ भरावा कशाने? येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही दिवसभर शेतात, दुकानात राबतो, निपाणीकडील आयाबहिणी विड्या वळतात, मुलांस वाचून दाखवावयास सवड कोठून आणावी?’ त्यांच्यासाठी तंबाखूच्याच धंद्यातील एक दाखला देतो. क्यूबा देशातील हवाना शहरी सिगार वळण्याच्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा पडली. कामगारांनी हाताने काम करावे आणि उंच आसनावर बसलेल्या वाचकाने त्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्या वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. आपल्या घरी तर हा वाचक विनावेतन उपलब्ध आहे! आईने विडी वळावी, आजीने भाजी निवडावी आणि मुलाने वाचून दाखवावे. हात कामात राहतील, कान मोकळे राहतील आणि वाचणाऱ्यास श्रोते मिळतील. ज्या मातेस स्वतःला वाचता येत नाही, तिच्याही घरी हे साधेल.

आरंभास पुढील नेम पुरेसा आहे.

१. सायंकाळी एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, टीव्ही व सर्वांचे मोबाईल बंद ठेवावेत. वडिलांनी मोबाईल पाहत मुलास ‘वाच’ म्हणू नये.

२. पुस्तक मोठ्याने वाचावे. मुलाने अर्धे पान व मोठ्यांनी अर्धे पान वाचावे. चूक झाल्यास हसू नये.

३. आरंभ सोप्या व रसाळ पुस्तकाने करावा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली ‘श्यामची आई’ रात्रींच्या क्रमानेच मांडलेली आहे. रोज एक रात्र वाचावी. १९७१ पासून निघत असलेले बालभारतीचे ‘किशोर’ मासिकही उत्तम.

४. पुस्तके विकतच घ्यावीत असे नाही. बेळगावात १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. अन्यत्रही लहानमोठी वाचनालये आहेत. मुलास स्वतः नेऊन पुस्तक निवडू द्यावे.

५. मूल कन्नड शाळेत जात असेल तर एक दिवस कन्नड पुस्तकही घ्यावे. पुरंदरदासांनी विठ्ठलाची पदे कन्नडातच रचली. देवास दोन्ही भाषा कळतात.

मंदिरापुरती आमची एक सूचना आहे. सायंआरतीनंतर रोज एका बालकाने सभामंडपात पाच ओव्या अथवा एक लहानशी गोष्ट वाचावी आणि आपण मोठ्यांनी ती शांतपणे ऐकावी. मुलास बक्षिसापेक्षा ऐकणारे अधिक हवे असतात.

आपल्या घरातील ग्रंथ उघडणारे हात आपल्याच घरी वाढोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.