मुलाम्याखालचा गंज : वाहनांवरील क्रोम भागांची निगा

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण थट्टेने वापरतो. परंतु वाहनांच्या चकचकीत भागांच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरते. मोटारीच्या पुढील जाळीवर, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर किंवा दाराच्या मुठीवर आरशासारखी जी झळाळी दिसते, ती त्या भागाच्या मूळ धातूची नसून त्यावर चढविलेल्या मुलाम्याची असते. वाहन दोन-तीन पावसाळे पाहते आणि एके दिवशी त्या झळाळीवर तपकिरी ठिपके उमटतात. वाहनधारक प्रथम दुर्लक्ष करतो, नंतर हाताला लागेल त्या पावडरीने घासतो आणि ठिपके कमी होण्याऐवजी वाढतात. असे का घडते आणि कोणत्या वेळी कोणता उपाय करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय केवळ हौशी वाहनधारकांपुरता मर्यादित नाही. कर्जाऊ घेतलेले वाहन बँकेकडे दृष्टिबंधक असते आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ अन्वये तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर केली जाते. प्रवासी वाहतुकीवर गुजराण करणाऱ्या ग्राहकासाठी तर ते वाहन म्हणजे तारणही असते आणि रोजीरोटीही. पुढे ते विकण्याची वेळ आली की घेणाऱ्याची पहिली नजर गंजावरच जाते.

मुलाम्याची घडण

क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला. त्याची संयुगे विविधरंगी असल्यामुळे 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. विजेच्या साहाय्याने क्रोमचा मुलामा चढविण्याची व्यवहार्य पद्धत मात्र १९२० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींवर क्रोम झळकू लागले. भारतात अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या बंपरांनी ही झळाळी घरोघरी परिचित केली. आपल्या देशातील क्रोमाइट खनिजाचा बहुतांश साठा ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे.

सर्वसाधारण समज असा की, पोलादावर क्रोमचा एक जाड थर दिलेला असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शोभेच्या भागांवरील क्रोमचा थर बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉन एवढाच असतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा थर किती तलम आहे याची कल्पना येते. त्याच्याखाली साधारणपणे १० ते ४० मायक्रॉन जाडीचा निकेलचा थर असतो आणि अनेकदा त्याखाली तांब्याचाही. गंजापासून संरक्षण प्रामुख्याने निकेल करते. क्रोम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि पृष्ठभागाला कठीणपणा व निळसर झाक देते. थोडक्यात, चकाकी वरच्या थराची आणि टिकाऊपणा खालच्या थराचा. म्हणूनच स्वस्तातला मुलामा पहिल्या दिवशी उत्तम मुलाम्याइतकाच सुंदर दिसतो. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर.

गंज आत कसा शिरतो

क्रोमच्या तलम थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा व छिद्रे असतात. त्यांतून ओलावा आणि मीठ आत झिरपले की क्रोम व निकेल यांच्यामध्ये एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. क्रोमवर त्याच्या ऑक्साइडचे चिवट कवच असल्यामुळे ते सुरक्षित राहते आणि छिद्राखालील निकेल झिजू लागते. झिजत झिजत ही वाट पोलादापर्यंत पोहोचली की पोलाद गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो वरच्या मुलाम्याला आतून उचलतो आणि पापुद्रे सुटू लागतात.

येथे जस्ती पत्र्याचे उदाहरण बोधप्रद आहे. पत्र्यावरील जस्ताला ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवते. निकेल-क्रोमचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. ते अभंग असेपर्यंत उत्तम रक्षण करते. मात्र एकदा आरपार छिद्र पडले की त्या छिद्रातील लोखंड अधिकच वेगाने गंजते. त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढा ठिपकाही क्षुल्लक मानू नये.

दर्जेदार कारखान्यांत यावर एक युक्ती योजतात. क्रोमच्या थरात मुद्दाम असंख्य अतिसूक्ष्म छिद्रे ठेवली जातात. त्यामुळे झीज एका जागी न एकवटता सर्वत्र विखुरते आणि कोठेच खोल जात नाही. जोखीम एकाच खात्यात न साठविता विभागून ठेवावी, हे तत्त्व बँक व्यवहाराइतकेच धातुशास्त्रातही लागू पडते.

सागरकिनाऱ्यावर ही समस्या विशेष तीव्र असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मिठाचे कण हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळतात. म्हणजे रत्नागिरी, पुरी किंवा चेन्नई येथे पाऊस नसतानाही रात्रभर उभ्या असलेल्या वाहनावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसू शकतो.

डागाचा रंग काय सांगतो

उपाय ठरविण्यापूर्वी भाग कशाचा बनला आहे, हे ओळखावे.

१) तांबूस-तपकिरी डाग : खाली पोलाद आहे आणि ते गंजू लागले आहे. लोहचुंबक अशा भागाला घट्ट चिकटते.

२) पांढरी भुकटी व फुगवटे : खाली जस्ताचे ओतकाम किंवा ॲल्युमिनियम असावे. जुन्या मोटारींच्या मुठी व आरशांच्या दांड्या बहुधा जस्ताच्या ओतकामाच्या असतात.

३) हिरवट डाग : झीज निकेल वा तांब्याच्या थरापर्यंत पोहोचली आहे.

४) गंजाविना सुटणारे पापुद्रे : भाग प्लास्टिकचा आहे. अलीकडच्या अनेक मोटारींची जाळी व बोधचिन्हे एबीएस प्लास्टिकवर मुलामा देऊन बनवितात. प्लास्टिक गंजत नाही. पण मुलामा सुटू लागला तर तो घरी पुन्हा बसत नाही.

५) सायलेन्सरच्या नळीवरील पिवळी-निळी छटा : हा गंज नसून उष्णतेचा परिणाम आहे.

तीन अवस्था, तीन उपाय

पहिली अवस्था डागांची. बोट फिरविल्यास पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. अशा वेळी भाग थंड असताना साध्या पाण्याने व वाहनाच्या शॅम्पूने धुवावा. नंतर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने गंज निघतो आणि चरे पडण्याची भीती कमी राहते. पुन्हा धुऊन, मऊ सुती कापडाने पूर्ण कोरडे करून त्यावर वाहनाचे मेण लावावे. किनारपट्टीत पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे मेण लावणे हितावह. तापणाऱ्या सायलेन्सरवर मात्र साधे मेण लावू नये. ते जळून डाग पडतात.

दुसरी अवस्था खड्ड्यांची. बोटाला खडबडीतपणा जाणवतो. वरीलप्रमाणे साफ केल्यावर चकाकी परत येते, परंतु ठिपक्यांच्या जागी काळसर टोके दिसत राहतात. ती नाहीशी करण्याच्या नादात अधिक घासू नये, कारण गेलेला मुलामा घासून परत येत नाही. येथे उद्दिष्ट गंज थोपविण्याचे असावे. भाग पूर्ण कोरडा करून मेणाचा किंवा पारदर्शक लॅकरचा थर द्यावा. बंपरची मागची बाजू अवश्य पाहावी. तेथे मुलामा विरळ असतो आणि गंजाची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. मागील गंज खरवडून त्यावर गंजरोधक प्रायमर व रंग दिल्यास पुढील बाजूचेही आयुष्य वाढते.

तिसरी अवस्था पापुद्र्यांची. येथे घरगुती उपाय संपतात. भाग बदलणे किंवा पुन्हा मुलामा देणे एवढेच पर्याय उरतात.

काय टाळावे

शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव क्रोमवर कदापि वापरू नये. त्यांतील हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमियमलाच विरघळविते. पितळी भांड्यांची पावडर, तारेची घासणी व पॉलिश पेपर यांनी चरे पडतात. शिवाय घासणीचे लोखंडी कण मागे राहून स्वतः गंजतात. गाडी धुतल्यावर डिझेल वा केरोसीन फवारण्याची पद्धतही सोडावी. क्षणिक तुकतुकी येते, पण धूळ चिकटते आणि रबरी भागांची हानी होते. दारांवर बाहेरून चिकटविलेल्या क्रोमच्या पट्ट्यांखाली पाणी साचत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. अन्यथा पट्टी चकाकत राहते आणि खालचा पत्रा सडतो.

जेथे प्रश्न शोभेचा नसतो

मोटारसायकलच्या पुढील शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवरील क्रोम शोभेसाठी नसते. तो अधिक जाड व कठीण मुलामा असून त्यावरून तेलाचे सील सतत सरकत असते. त्या नळीवर खड्डे पडले तर सील फाटते, तेल गळते आणि ते ब्रेकवर उतरल्यास ब्रेक निकामी होऊ शकतो. तेथील ठिपके दिसताच जाणकार मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी.

सायलेन्सर तर बहुधा आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. रोज अगदी थोडे अंतर चालविल्या जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि हे पाणी आतच साचते. त्यासाठी ठेवलेले निचऱ्याचे छिद्र मोकळे असावे.

पुन्हा मुलामा देताना

योग्य पद्धतीत जुना मुलामा पूर्ण उतरवून, भाग गुळगुळीत करून तांबे, निकेल व क्रोम असे थर क्रमाने देतात. 'निकेल किती मायक्रॉन देणार?' हा एकच प्रश्न कारागिराचा दर्जा दाखवून देतो. प्रचलित मोटारीचा सुटा भाग सहज मिळत असेल तर नवा घेणे पुष्कळदा परवडते. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसिडरसारख्या गाडीच्या मूळ बंपरला मात्र पुन्हा मुलामा देणेच श्रेयस्कर. भार पेलणारे उच्च ताकदीचे बोल्ट व स्प्रिंगा या कामास देऊ नयेत. प्रक्रियेत शिरणाऱ्या हायड्रोजनमुळे असे पोलाद ठिसूळ होऊन अचानक तुटू शकते.

पारंपरिक क्रोम टाक्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याच्या वाफाऱ्यांनी कामगारांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडते आणि सांडपाण्याने विहिरी दूषित होतात. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या कारखान्यातच काम द्यावे. घराच्या अंगणात असा प्रयोग तर मुळीच करू नये.

विमा, वॉरंटी आणि कर्ज

वाहन विम्यात नैसर्गिक झीज समाविष्ट नसते. त्यामुळे केवळ गंजापोटी दावा मिळत नाही. अपघातात मुलाम्याचा प्लास्टिक भाग तुटला, तर प्रमाणित पॉलिसीनुसार त्याच्या किमतीवर ५० टक्के घसारा वजा होतो. 'शून्य घसारा' हे पूरक संरक्षण घेताना याचा विचार करावा. नव्या वाहनावर ठिपके दिसल्यास स्वतः घासण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढावीत, वॉरंटी पुस्तिका वाचावी आणि अधिकृत केंद्राकडे लेखी तक्रार नोंदवावी. घासलेल्या भागावर दोष कोणाचा, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते.

मोटारीपुढे क्रोमचा जाड गार्ड बसविण्याची हौसही आवरावी. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात असे गार्ड कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे स्पष्ट केले आहे.

कर्जाचा हप्ता ठरावीक तारखेला भरला जातो, कारण त्या तारखेची नोंद ठेवलेली असते. वाहन धुऊन कोरडे करण्याची व मेण लावण्याची तारीखही त्याच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. महिन्यातून अर्ध्या तासाचे हे काम वेळेवर झाले, तर पहिल्या अवस्थेतील डाग तिसऱ्या अवस्थेपर्यंत सहसा जात नाही. आणि कर्जाची परतफेड पूर्ण होईल त्या दिवशी ग्राहकाच्या हाती येणारे वाहन खऱ्या अर्थाने मालमत्ता म्हणण्याजोगे राहते.