जुने पेरणी यंत्र घेताय? इसार देण्याआधी बी पाडून बघा



हिरवळीच्या खताचा ताग पेरायला जुने ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र बघताय? नव्या रंगावर जाऊ नका.

१) खताची पेटी आतून गंजली का, बघा.

२) पेटीत ताग टाका, प्रत्येक नळीला पिशवी बांधा. यंत्र उचलून चाक हाताने फिरवा. ९ फण, ९ इंच अंतर, चाकाचा घेर सव्वा मीटर असेल तर ४० फेरे म्हणजे १ गुंठा. एकरी २० किलोसाठी एकूण ५०० ग्रॅम बी पडावे. कमी-जास्त पडले तर लिव्हर सरकवून परत मोजा.

३) सगळ्या पिशव्यांत बी सारखे हवे. एक रिकामी राहिली, तर त्या ओळीत ताग नाही, तणच येणार.

झिजलेले फण बदलता येतात. बी सारखे पडतच नसेल, तर सौदा सोडा.