श्वासावाटे लस : चाचणीत काय तपासले जाते?

श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या लशीची चाचणी घेताना पहिला प्रश्न मात्रेचा असतो. इंजेक्शनमध्ये भरलेली लस पूर्णपणे शरीरात जाते. फवाऱ्याचे तसे नाही. साधारण ५ मायक्रॉनहून बारीक थेंब फुप्फुसात खोलवर पोचतात, मोठे थेंब नाकाघशातच अडकतात, आणि मूल रडले किंवा त्याने तोंड फिरवले तर बरीच लस मास्कबाहेर वाया जाते.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. इंजेक्शनमुळे मुख्यतः रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. श्वासावाटे दिलेल्या लशीकडून नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या अस्तरातही 'आयजीए' प्रतिपिंडे तयार होण्याची अपेक्षा असते, म्हणजे विषाणू शिरतो तिथेच अडवला जावा. पण त्यांची किती पातळी संरक्षणाला पुरते, हे रक्ततपासणीइतके पक्के सांगता येत नाही.

या बाबतीतली एक महत्त्वाची चाचणी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये झाली. तिथल्या ९ ते १२ महिन्यांच्या २,००४ बाळांपैकी निम्म्यांना गोवराची लस मास्कमधून फवाऱ्याने, तर निम्म्यांना इंजेक्शनने दिली गेली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ९१व्या दिवशी रक्तात प्रतिपिंडे आढळली ती फवाऱ्याच्या गटात ८५.४ टक्के बाळांत आणि इंजेक्शनच्या गटात ९४.६ टक्के बाळांत. फरक ५ टक्क्यांच्या आत राहावा, ही अट आधीच ठरलेली होती. ती पूर्ण झाली नाही. लशीमुळे गंभीर दुष्परिणाम झाल्याचे मात्र आढळले नाही. सुई नको, टोचणारा कचरा नको, हे फायदे मोठे आहेत. तरीही गोवराची साथ रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती लागते, त्यामुळे हा फरक दुर्लक्षित करण्याजोगा नाही.

कोविडच्या काळात प्रौढांसाठी असे प्रयत्न पुढे गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये चीनने तोंडाने ओढून घ्यायच्या लशीला आणि भारताने नाकात थेंब टाकायच्या लशीला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. या दोन पद्धती वेगळ्या आहेत. एकीचे निष्कर्ष दुसरीला लावता येत नाहीत. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना सुरुवातीच्या चाचण्यांतून बहुधा वगळले जाते, म्हणून अशांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेला लस इंजेक्शनानेच दिली जाते : पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सुईविना लस येईल या आशेने पालकांनी हे डोस लांबवू नयेत.