स्टेशन विकलं, नाव कुणाचं?

दुकान विकलं की नवा मालक आधी काय करतो? पाटी उतरवतो. पण नेहमीच नाही! आपल्या कोल्हापुरातलंच उदाहरण घ्या. 'कोल्हापूर सिनेटोन' हा स्टुडिओ भालजी पेंढारकरांकडे आला आणि त्याचा 'जयप्रभा' झाला. पुढे तोच स्टुडिओ लता मंगेशकरांनी विकत घेतला, तरी तो 'जयप्रभा'च राहिला. एकदा मालकाबरोबर नाव बदललं, एकदा नाव टिकलं.

रेडिओ स्टेशनचंही असंच असतं. फरक इतकाच की तिथे पाट्या एक नाही, तीन असतात. स्टेशन विकलं गेलं की यातली नेमकी कोणती पाटी बदलते, हा या लेखाचा विषय. कम्युनिकेशनच्या पुस्तकात मॉड्युलेशन सापडतं, पण हे सापडत नाही, म्हणून हा खटाटोप.

तीन पाट्या

पहिली पाटी म्हणजे फ्रिक्वेन्सी, डायलवरचा आकडा. दुसरी कॉल साइन, म्हणजे सरकारी नोंदीतली अक्षरांची खूण. आणि तिसरी म्हणजे आपण ज्या नावाने स्टेशनला ओळखतो ते नाव: मिर्ची, टोमॅटो, रेड वगैरे.

आधी आकडा बघू. आपल्याकडे ९४.३ लावलं की 'पुढारी' समूहाचं टोमॅटो एफएम लागतं. तोच आकडा नागपुरात लावला तर माय एफएम. मुंबईत २००० नंतरच्या दशकात याच आकड्यावर रेडिओ वन आलं. एक आकडा, तीन मालक, आणि भांडण नाही! कारण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, अंतर वाढलं की संपल्या. त्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी दूरच्या शहरात पुन्हा देता येते. म्हणजे आकडा ही स्टेशनची खरी ओळख नव्हे. तो घराचा नंबर आहे, आणि १२ नंबरचं घर प्रत्येक गल्लीत असतं.

शिवाय हा आकडा मालकाचा नसतोच. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कंपनीला मिळते ती ठरावीक वर्षांची परवानगी. सरकारने सांगितलं की आकडाही बदलावा लागतो. मुंबईत 'गो ९२.५' नावाचं स्टेशन होतं, तेच पुढे 'रेडिओ वन' झालं आणि ९४.३ वर गेलं. नावात आकडा घातला की असा घोटाळा होतो!

अक्षरांची गोष्ट

आता कॉल साइन. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ही खासगी कंपनी होती. तिच्या मुंबई केंद्राची खूण होती ७बीवाय, आणि महिन्याभराने सुरू झालेल्या कलकत्ता केंद्राची ७सीए. कंपनी तीन वर्षंही टिकली नाही. मार्च १९३० मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रं चालवायला घेतली. नवं नाव इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस.

तिसाच्या दशकातले कार्यक्रमपत्रक पाहिलं तर मुंबईची खूण दिसते व्हीयूबी, दिल्लीची व्हीयूडी, मद्रासची व्हीयूएम. वाटतं की मालक बदलला म्हणून खूण बदलली. पण तसं नाही. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला जागतिक परिषद भरली आणि तिथे अक्षरांची देशवार वाटणी झाली. भारताच्या वाट्याला व्हीटी ते व्हीडब्ल्यू हे गट आले. खूण बदलली ती या कोष्टकामुळे, विक्रीमुळे नाही.

हाच गट आजही आपल्याला दिसतो. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय विमानाच्या अंगावर व्हीटी लिहिलेलं असतं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, विमानांवरचं व्हीटी तसंच राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा हे नाव संपलं, तिच्या विमानांवरचं व्हीटी तसंच राहिलं. खूण देशाची, नाव बाजाराचं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं सोपं होतं.

नावाचा व्यवहार

रेडिओचं नाव मात्र भराभर बदलत गेलं. ८ जून १९३६ ला स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसचं 'ऑल इंडिया रेडिओ' झालं. तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन यांना जुनं नाव अगदी बोजड वाटायचं. 'आकाशवाणी' हे नाव १९३५ मध्ये म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या खासगी केंद्राला दिलं होतं. देशाने ते पुढे पन्नाशीच्या दशकात घेतलं. गोव्यात पोर्तुगीजांचं 'एमिसोरा द गोवा' होतं. डिसेंबर १९६१ नंतर तेही आकाशवाणीत आलं.

खासगी एफएममध्ये तर नाव हाच खरा माल! जागरण समूहाने रेडिओ सिटीची कंपनी घेतली, आणि त्यांचं स्वतःचं 'रेडिओ मंत्रा' हे नाव पुसून तिथेही 'रेडिओ सिटी' लागलं. म्हणजे घेणाऱ्याने स्वतःची पाटी उतरवून विकत घेतलेली लावली! अमृतसर, जोधपूर, पतियाळा आणि सिमल्याची 'ओये एफएम' केंद्रं मिर्चीच्या कंपनीने घेतली, तिथे ओये गेलं आणि मिर्ची आलं. उलट बिग एफएम २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून सॅफायर मीडियाकडे गेलं, तरी नाव बिगच. ज्या नावाला ऐकणारे जास्त, ते नाव टिकतं. बाकी भावना वगैरे काही नाही.

अमेरिकेत जरा वेगळं आहे. तिथे कॉल साइन हेच अनेकदा लोकांच्या तोंडी असलेलं नाव. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला साधारणपणे डब्ल्यूने सुरू होणारं, पश्चिमेला के ने. पहिलं अक्षर देशाच्या कोष्टकातलं, बाकीची स्टेशनने मागून घ्यायची. म्हणून विक्री झाली की खूणच बदलते. शिकागोच्या 'ट्रिब्यून' वर्तमानपत्राने १९२४ मध्ये एक स्टेशन हाती घेतलं आणि त्याची खूण केली डब्ल्यूजीएन, म्हणजे 'जगातलं सर्वश्रेष्ठ वर्तमानपत्र' याची इंग्रजी आद्याक्षरं. नम्रता बघा! न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनबीसी १९८८ मध्ये एनबीसीने विकलं, मग जुन्या मालकाचं नाव खुणेत कसं ठेवणार? ६६० किलोहर्ट्झवर डब्ल्यूएफएएन आलं. पण शिकागोचं डब्ल्यूएलएस ऐका. ते सिअर्स कंपनीचं, 'जगातलं सर्वांत मोठं दुकान' अशा अर्थाचं. सिअर्सने ते १९२८ मध्येच विकलं. दुकानाशी संबंध संपून शतक होत आलं, अक्षरं तीच आहेत.

मग आपल्याला काय त्याचं?

कुणी म्हणेल, गाणी लागल्याशी मतलब. पण मला वाटतं इथेच खरी गोम आहे. नाव टिकलं की आपल्याला वाटतं स्टेशन तेच आहे, आणि नाव बदललं की वाटतं जुनं बंद पडलं. दोन्ही वेळा आपण फसू शकतो. त्याच नावामागे नवा मालक असतो, नव्या नावामागे कधी तोच मालक, तोच स्टुडिओ, तेच आवाज. आणि लहर तर आपल्या सगळ्यांची. आपल्या मालकीच्या लहरीवर सध्या कोण बोलतंय, जाहिराती कुणाच्या गल्ल्यात जातात, आपल्या गावच्या बातमीला जागा किती, हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. पाटी वाचून ते कळत नाही, परवानगी कुणाच्या नावावर आहे ते पाहावं लागतं.

जाता जाता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एक गोष्ट. एक कॉल साइन अशी आहे जी कधीच विकली जात नाही: हॅम रेडिओची. परीक्षा द्या, दूरसंचार खात्याचा परवाना घ्या, मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी खूण तुमच्या एकट्याच्या नावावर होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच खुणांच्या माणसांनी निरोप पोचवले होते. ही खूण मित्राला देता येत नाही, ज्युनिअरला विकता येत नाही. आपल्या होस्टेलमध्ये सबमिशनच्या फाइलवरचं नावही इतकं पक्कं नसतं!