डोहाळे पुरवा, पण रक्तही तपासा

सहाव्या महिन्यात मला कच्चे तांदूळ खावेसे वाटू लागले. निवडायला बसले की मुठीमुठीने तोंडात जायचे. मग पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "पोटातलं मागतंय, नाही म्हणू नये." जिना चढताना धाप लागायची, छातीत धडधडायचं, दिवस गेलेत म्हणजे हे व्हायचंच, असं सगळे धरून चालले होते. रक्तवाढीच्या लाल गोळ्या डब्यात तशाच होत्या, कारण त्यांनी बाळ काळं होतं, असं शेजारच्या मावशींनी ठासून सांगितलं होतं.

उपकेंद्रातल्या सिस्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि विचारलं, "माती, खडू, तांदूळ असलं काही खातेस का?" हिमोग्लोबिन ६.८ निघालं. गरोदरपणी ते किमान ११ हवं. ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. त्याच दिवशी मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि शिरेतून लोह दिलं. पुढच्या काही आठवड्यांत तांदळाची ओढ आपोआप गेली, तेव्हा घरच्यांना पटलं की ते नुसते डोहाळे नव्हते. अंगातलं लोह संपत आलं की अशी ओढ लागते. वरून मातीतून जंत पोटात जातात, ते आणखी रक्त खातात.

बाळंतपणात रक्त जातंच. अंगात पुरेसं रक्त असलेली बाई ते सोसते; जिच्या अंगात मुळातच नाही, तिच्या जिवावर बेततं. बाळही कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकतं. म्हणून सांगते, चिंच-आवळा हवा तेवढा द्या, पण माती, खडू, कच्चे तांदूळ मागितले तर लाड नकोत, तपासणी हवी.

गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. गोळीने बाळ काळं होत नाही; काळं होतं ते शौच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर मात्र कधीच नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. आधी-नंतर तासभर तरी थांबा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरू खा. मांस-मासे चालत असतील तर त्यातलं लोह अधिक चांगलं लागतं. नाचणी, खजूर हेही उत्तम. पण बीट लाल म्हणून रक्त वाढतं, या समजुतीवर विसंबू नका, आणि हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं असेल तर ते नुसत्या खाण्याने भरून येत नाही. गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल तर डॉक्टरांना कारण शोधायला सांगा. विदर्भात आणि नंदुरबारकडे तर सिकलसेलची तपासणी आवर्जून करून घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. पण घरातली गरोदर लेक किंवा सून माती-तांदूळ खात असेल, तर ९ तारखेचीही वाट पाहू नका. उद्या सकाळीच तिला रक्त तपासायला न्या.