बिंदुसरेकाठून मेलारेनकाठी

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने प्रवासवर्णन लिहिलेच पाहिजे, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. परंतु तीन दिवसांत एखादे शहर कळते असे मला वाटत नाही. म्हणून स्टॉकहोमचे समग्र दर्शन घडवण्याचा मोह टाळून, भूगोलाचा अध्यापक आणि बीडचा रहिवासी या नात्याने तेथे माझ्या मनात जो एक प्रश्न उभा राहिला, तेवढाच येथे मांडतो.

एका चर्चासत्राच्या निमित्ताने युरोपात गेलो असता ऑगस्टमध्ये स्वीडनच्या या राजधानीत तीन दिवस राहण्याचा योग आला. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेले आहे. पश्चिमेला मेलारेन हे गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, पूर्वेला बाल्टिक समुद्र आणि दोहोंच्या सांध्यावर शहर! एका गल्लीतून बाहेर पडावे तो समोर पाणी, पूल ओलांडावा तो पुन्हा पाणी. सरोवराची पातळी समुद्राहून जेमतेम पाऊण मीटर उंच. कधीकाळी मेलारेन समुद्राचाच फाटा होता. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर तेथील जमीन हळूहळू वर येत गेली आणि सरोवर समुद्रापासून वेगळे झाले. वर्गात फळ्यावर शिकवलेला हा पाठ डोळ्यांनी पाहताना मोठी मौज वाटली.

पहिल्याच रात्री तहान लागली. नळाला पाणी येण्याची वाट पाहत वाढलेला मी, बाटली कोठे मिळेल असे यजमानांना विचारले. त्यांनी हसून स्वयंपाकघरातील नळ दाखवला. ते पाणी मेलारेनचेच होते. दुसऱ्या दिवशी शहराच्या मध्यभागी मुले त्याच सरोवरात सूर मारताना दिसली.

साहजिकच मनात आले, यांना देवाने भरभरून दिले आहे! पण आकडे पाहिले आणि थक्क झालो. स्टॉकहोमला वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस व हिम पडते. आपल्या बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या पुढे आहे!

अर्थात एवढ्यावरून स्वतःला दोष देणे शास्त्रीय होणार नाही. तेथील पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो. आपला चार महिन्यांत, तोही लहरीप्रमाणे. तेथे थंडीमुळे बाष्पीभवन अल्प. आपल्याकडे उघड्या तळ्यावरून वर्षभरात पावसाच्या दुपटीहून अधिक पाण्याची वाफ होऊ शकते. शिवाय मेलारेनला फार मोठ्या प्रदेशातील पाणी येऊन मिळते. एवढा वाटा निसर्गाचा. मग माणसाचा वाटा कोणता?

तो पाण्याच्या निर्मळपणात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास शहराच्या सांडपाण्याने हेच पाणी इतके नासले होते की ते पोहण्यासही योग्य राहिले नाही. १९४१ मध्ये हेन्रिक्सडाल येथे खडक कोरून मैलाशुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले. १९७० च्या दशकात सांडपाण्यातील फॉस्फरस काढून टाकण्याची व्यवस्था झाली. पाणी पुन्हा स्वच्छ झाले ते असे, एकेक पायरीने. किनाऱ्यापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई करणारा कायदाही तेथे आहे. आपल्या बिंदुसरेचे काठ डोळ्यांसमोर आले. एरवी कोरड्या पात्राकडे आपण कचरा टाकण्याची जागा म्हणूनच पाहतो. त्याच नदीने १९८९ च्या जुलैमध्ये पुराने शहराची दैना केली होती.

तिसऱ्या दिवशी नगरभवन पाहिले. राग्नार ऑस्टबर्ग यांनी रचलेली ही लाल विटांची वास्तू १९२३ मध्ये पूर्ण झाली. नोबेल मेजवानीचे तेथील दालन ‘निळे’ म्हणवते, पण आहे लालच. विटांचे सौंदर्य पाहून वास्तुविशारदाने निळ्या रंगाचा बेत सोडला आणि नाव तेवढे उरले! याच शहरात १९९१ पासून दरवर्षी जलपुरस्कार दिला जातो. १९९३ चा मान मराठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांना मिळाला. जलसंपत्तीचे दीर्घकालीन जतन आणि पाण्याविषयीची लोकजागृती यांची ती पावती होती. पुढे महाराष्ट्राच्या जल व सिंचन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. म्हणजे पाण्याचा विचार आपल्याला कोणी परक्याने शिकवावा लागतो असे नाही.

तसा तो पूर्वीही लागला नव्हता. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली आपली खजाना विहीर पाहा. भूमिगत बोगद्यांतून पाणी विहिरीत यावे आणि तेथून बोगद्यानेच उताराकडे शेतांना जावे, ही योजना! ना उपसा, ना बाष्पीभवनाची नासाडी. बीडच्या हवामानाचे वर्म जाणणाऱ्या माणसाचेच ते काम आहे.

मेलारेन सरोवर आपण आणू शकत नाही. त्याची हळहळही नको. स्टॉकहोमकडून घ्यायची ती एकच गोष्ट : नासलेले पाणी माणसाच्या हयातीत सुधारता येते, ही खात्री. तेव्हा एक सुचवतो. येत्या उन्हाळ्यात भूगोल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या जुन्या विहिरी व बारवा मोजाव्यात. खोली, पाण्याची पातळी आणि आजची अवस्था वहीत टिपावी. या कामाला परदेशप्रवासाची गरज नाही. दोर, टेप आणि वही एवढे पुरे.